डोहाळजेवणाला पाहुणे सगळीकडचे, मग खेळ कुठले घ्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका भाचीच्या डोहाळजेवणात मी हौसेने खेळ घेतले, आणि तेव्हापासून नात्यात कुणाकडे गोड बातमी आली की फोन ठरलेला, “मावशी, खेळांचं तुझ्याकडे हं.” पूर्वी हे काम सोपं होतं. दुपारची वेळ, फक्त बायका, त्याही एकमेकींना ओळखणाऱ्या. आता संध्याकाळी हॉलमध्ये दोन्हीकडचे नातेवाईक, ऑफिसातली टीम, सोसायटीतले शेजारी आणि नवऱ्याचे हॉस्टेलमधले मित्र असे सगळे एकदम येतात आणि आपापल्या घोळक्यात बसून राहतात. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

ओटी, फुलांची वाडी, गाणी, पेढा-बर्फी एवढं सगळं असताना आणखी खेळ कशाला?

कारण हे सगळं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच ते रंगतं. झोपाळा सजवलाय, हातात धनुष्यबाण दिलाय, एकीमागून एक ओटी भरतायत. यात कानपूरहून आलेल्या सहकाऱ्याने किंवा नवऱ्याच्या मित्राने करायचं काय? तो फोटो काढतो, मग मोबाइल बघतो, मग जेवण कधी आहे ते विचारतो. ओळखीचा खेळ अशा माणसांसाठी असतो. मोजून अर्धा तास त्यांना काहीतरी काम मिळालं, की पुढे पंगतीत ते आपणहून बोलायला लागतात.

सुरुवात नेमकी कशाने करू?

माझा कायमचा एकच खेळ: नावाच्या पट्टीवर नाव नाही, बाळाशी नातं लिहायचं.

दाराशी एका चुणचुणीत मुलीला चिकटपट्ट्या आणि स्केचपेन घेऊन बसवा. येणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव न लिहिता “मी बाळाची / बाळाचा कोण” एवढंच लिहायचं. “बाळाची चुलतआत्या.” “बाळाच्या बाबाचा रूममेट, त्याच्या सगळ्या भानगडी मला माहीत.” “बाळाच्या आईची मॅनेजर, रजा मीच मंजूर केली.” एका शेजारणीने लिहिलं होतं, “बाळ रडलं की भिंतीपलीकडून ऐकणारी.” मग दहा मिनिटं फिरून प्रत्येकाने निदान पाच पट्ट्या वाचायच्या आणि त्यामागचा माणूस शोधायचा. जो पाच जणांची खरी नावं सांगेल त्याला आवळासुपारी.

यात गंमत अशी की सासरचे आणि माहेरचे हा भेद आपोआप पुसट होतो. लग्नात जसे वरपक्ष-वधूपक्ष समोरासमोर बसतात तसे डोहाळजेवणातही बसतात, हे मी कितीदा पाहिलंय. पण बाळाच्या बाजूने बघितलं तर मामा आणि काका दोघंही सारखेच लागतात. आणि ज्यांचं रक्ताचं नातं नाही त्यांच्यापुढे एक छान प्रश्न उभा राहतो: बाळाने मला काय म्हणायचं? ऑफिसातल्या एका तमिळ मुलीने तिथल्या तिथे “चित्ती” असं लिहिलं, आणि “म्हणजे मावशीच की!” म्हणत बाळाच्या खऱ्या मावशीने तिला शेजारी ओढून बसवलं.

एकूण किती खेळ? कुठल्या वेळी?

तीन. फार तर चार. पाहुणे पंचवीस-तीस असतील तर चाळीस मिनिटांत आटपा. पट्ट्यांचा खेळ लोक येत असतानाच, एक खेळ ओटीच्या आधी आणि एक-दोन ओटीनंतर, जेवणाची पानं लागेपर्यंत. भुकेल्या पोटी खेळ लांबला की सगळ्यात आधी काका लोक कुरकुरतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

पुरुष मंडळी दाराशी खुर्च्या ओढून बसतात. त्यांना उठवायचं कसं?

“चला, चला, पुरुषांनीपण खेळायचं” असं माइकवरून म्हटल्याने कुणीही उठत नाही. त्यांना एकदम सगळ्यांसमोर उभं करू नका, कुणाच्या तरी जोडीला द्या. यासाठी माझा हुकमी खेळ म्हणजे दुपटं.

एका जोडीत एक पुरुष आणि एक आजी. मध्ये तीन किलो तांदळाची पिशवी. नवजात बाळ साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. सोबत एक मऊ सुती दुपटं आणि एक टोपडं. आजीने हात पाठीमागे बांधायचे आणि फक्त तोंडाने सांगायचं. पुरुषाने गप्प बसून तसं करायचं. दुपटं चौकोनी नाही, तिरकं अंथरायचं, वरचं टोक आत दुमडायचं, बाळाची मान त्या दुमडीच्या वर, मग एक बाजू अंगावरून घेऊन पाठीखाली, खालचं टोक वर, शेवटी दुसरी बाजू. ऐकायला एवढंच, पण सांगणारी आजी आणि करणारा तिशीतला इंजिनिअर असला की हॉल डोक्यावर घेतला जातो. “अरे मान, मान सांभाळ! तांदूळ झाला म्हणून काय झालं!” गुंडाळून झालं की पिशवी उचलून कडेवर घ्यायची आणि हॉलभर एक फेरी मारायची. दुपटं सुटलं तर बाद.

दोन जोड्या झाल्या की तिसऱ्या जोडीसाठी दाराशी बसलेले आपणहून उठतात. होणाऱ्या बाबाला मात्र शेवटी घ्या. त्याला पहिला घेतलात तर तो गोंधळतो, सगळे हसतात आणि नंतरच्या कुणाला धीर होत नाही.

एक सांगून ठेवा: पाय खूप घट्ट आवळायचे नाहीत. हल्ली डॉक्टर बाळाचे पाय दुपट्यात मोकळे हलू द्यायला सांगतात, कमरेच्या सांध्यासाठी. आज्यांच्या काळात पाय सरळ करून करकचून बांधायचे, त्यामुळे यावर थोडा वाद होतो. होऊ द्या.

मराठी न येणारे पाहुणे असतील तर?

तर उलट बरं. सगळं हिंदीत किंवा इंग्रजीत करायची गरज नाही. त्याने घरच्या आज्या गप्प होतात. भाषाच खेळात आणा. तीन प्रकार मी करून पाहिलेत.

पहिला, बोबडे बोल. भुर्र, मम्मम, जोजो, बाऊ, हम्मा, माऊ, दुदू असे शब्द एकेका चिठ्ठीवर. मराठी न येणाऱ्याने अर्थ ओळखायचा, मराठी माणसाने फक्त अभिनय करायचा. भुर्र म्हणजे बाहेर फिरायला जाणं हे बहुतेकांना पटकन कळतं. बाऊ म्हणजे लागलेलं, खरचटलेलं, हे समजायला वेळ लागतो. मग त्यांनी आपल्या भाषेतला तसा एक शब्द द्यायचा आणि आपण ओळखायचा.

दुसरा, डबीतले दाणे. ओवा, जिरं, बडीशेप, बाळंतशोपा, शहाजिरं, अळीव हे सहा छोट्या वाट्यांत ठेवा. डोळे मिटून वासावरून किंवा चिमटीत धरून ओळखायचे आणि आपल्या घरी त्याला काय म्हणतात ते सांगायचं. ओव्याचंच बघा: हिंदीत अजवाइन, गुजरातीत अजमो, तमिळमध्ये ओमम, तेलुगूत वामु, बंगालीत जोवान. आणि जवळपास प्रत्येक घरात बाळंतिणीच्या पोटासाठी हाच ओवा. एवढ्या एका दाण्यावर वेगवेगळ्या घरच्या बायका अर्धा तास बोलू शकतात. अळीव मात्र शहरातल्या तरुण मुलांना अजिबात ओळखता येत नाहीत, मराठी असली तरी.

तिसरा, अंगाई. प्रत्येकाने आपल्या घरची अंगाई एक ओळ म्हणायची, बस एकच ओळ. आपल्याकडे अंगाई, कन्नडमध्ये जोगुळ, तमिळमध्ये तालाट्टु, गुजरातीत हालरडुं, हिंदीत लोरी. हा खेळ सगळ्यात शेवटी घ्या, कारण यानंतर दंगा करावासा वाटत नाही.

गप्पांना आणखी एक खाद्य हवं असेल तर विचारा, “तुमच्याकडे याला काय म्हणतात?” तमिळ घरांत वळैकाप्पु, त्यात बांगड्या भरतात, बंगाल्यांकडे शाध, त्यात होणाऱ्या आईला आवडीचं खाऊ घालतात, केरळात पुळिकुडी, त्यात आंबट रस देतात, उत्तरेत गोदभराई. आपल्या डोहाळजेवणात जेवण, ओटी आणि आंबट-चिंबट हे तिन्ही आहे, त्यामुळे प्रत्येकाला आपलं काहीतरी सापडतंच.

“डोहाळे ओळखा” हा खेळ कसा घ्यायचा? आमच्याकडे फसला.

फसतो, कारण लोक होणाऱ्या आईच्याच डोहाळ्यांवर प्रश्न विचारतात. ती कैरी म्हणणार, सगळे हसणार, संपलं. शिवाय तिच्या नणंदा आणि मैत्रिणींना उत्तरं आधीच ठाऊक असतात.

मी उलटं करते. आमंत्रण पाठवतानाच प्रत्येकाला सांगायचं: “तुमच्या वेळी तुमच्या आईला कशाचे डोहाळे लागले होते, ते विचारून या.” आई नसेल तर मावशी, आत्या, मोठी बहीण, कुणाला तरी. कुणालाच विचारता येत नसेल तर स्वतःला आत्ता काय खावंसं वाटतंय ते लिहायचं, आणि कुणी काय लिहिलंय याची चौकशी करायची नाही. ज्यांना आईविषयी बोलणं जड जातं, त्यांच्यासाठी ही पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. चिठ्ठीवर नाव नाही. सगळ्या चिठ्ठ्या परडीत, एक-एक वाचायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं, ही कुणाची?

या खेळात जे बाहेर येतं ते मी दुसऱ्या कशात ऐकलं नाही. मुलं डोहाळजेवणाच्या निमित्ताने पहिल्यांदा आईला हा प्रश्न विचारतात. एका पन्नाशीच्या काकांची चिठ्ठी होती: “ज्वारीची पांढरी भाकरी.” कुणालाच कळेना, भाकरीचे कसले डोहाळे? मग काका उठून बोलले. जन्म १९७२ च्या दुष्काळातला. रेशनवर मिळायची ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि दुष्काळी कामावर सुकडी. आईला सगळे दिवस एकच वाटायचं, आपल्या रानातल्या ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी मिळावी. त्यानंतर लगेच “हॉस्टेलसमोरची भेळ” अशी चिठ्ठी आली आणि हॉल पुन्हा हसायला लागला, पण काकांशी त्या दिवशी कितीतरी जण मुद्दाम जाऊन बोलले.

एका चिठ्ठीवर “भिंतीची माती” असं होतं आणि तरुण मुलं शहारली. त्यांना सांगितलं, हे फार जुनं आहे. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणेलाही माती खावीशी वाटते. शब्दसुद्धा तितकाच जुना. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला दोन हृदयं असलेली म्हटलंय, एक तिचं आणि एक बाळाचं. त्या दौहृदापासून दोहद आणि दोहदापासून आपले डोहाळे. म्हणजे कैरी मागणारी ती एकटी नसते, असं ते गणित. माती, खडू, राख असलं खरोखरच खावंसं वाटत असेल तर मात्र ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांना सांगायचं. अंगात लोह कमी असल्याचं ते लक्षण असू शकतं.

पेढा-बर्फी ठेवायची की नाही? सासूबाईंना हवीय, मुलीला नकोय.

दोन वाट्या झाकून, एकीखाली पेढा म्हणजे मुलगा, दुसरीखाली बर्फी म्हणजे मुलगी. निव्वळ अंदाजाचा खेळ आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण मी टाळते, कारण पेढा निघाला की टाळ्या पडतात आणि बर्फी निघाली की कुणीतरी हमखास “असू दे, लक्ष्मी!” म्हणतं. ते “असू दे” ज्यांना पहिली मुलगी आहे त्या पाहुणीच्या कानावर कसं पडतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

मधला मार्ग सापडलाय. वाट्या सहा करा आणि मुलगा-मुलगी सोडून द्या. पेढा निघाला तर बाळ रात्रभर जागवणार, बर्फी तर शांत झोपाळू, बेसनाचा लाडू म्हणजे खादाड, शंकरपाळा म्हणजे हट्टी, चकली म्हणजे आजोबांवर गेलेलं, अनारसा म्हणजे नाजूक, जरा काही झालं की बिघडणारं. सासूबाईंना वाट्या उघडायचा मान मिळतो, मुलीला मनाविरुद्ध काही करावं लागत नाही. एके ठिकाणी चकली निघाली तेव्हा आजोबाच सगळ्यात जास्त खूश झाले.

अमेरिकेतली नणंद म्हणते, केक कापून आत गुलाबी की निळा ते दाखवूया. चालेल का?

भारतात नाही. त्यासाठी आधी कुणाला तरी बाळाचं लिंग माहीत असावं लागतं, आणि ते सांगणं, सांगून घेणं कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला. पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे राहणाऱ्यांना तिथे ते करता येतं, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. पण इथल्या हॉलमध्ये “गंमत म्हणून”सुद्धा तसं वातावरण नको. नणंदेला केकच हवा असेल तर आत आंब्याचा गर भरायला सांगा.

उखाणे सगळ्यांना येत नाहीत, मग ते गाळायचे का?

गाळू नका, वाटून घ्या. पहिली ओळ आपण द्यायची, दुसरी ओळ एका जोडीने दोन मिनिटांत जुळवायची. जोडी नवरा-बायकोची नको. एक ओळखीचा, एक अनोळखी अशी. उदाहरणार्थ आम्ही दिलेली ओळ:

“सातव्या महिन्यात मागितली कैरी आंबट,”

आणि होणाऱ्या बाबाचा मित्र आणि मुलीची चुलती यांनी मिळून केलेलं उत्तर:

“मंडई पालथी घालून रावांचं तोंड झालं लांबट.”

दुसरी ओळ होती, “झोपाळ्याला बांधली मोगऱ्याची वेणी,” आणि ऑफिसवाल्यांनी ठोकून दिलं, “दोन मीटिंगा बुडवून आलोय, आमच्याइतकं गुणी नाही कोणी.” नाव घेण्याची सक्ती नसली की अविवाहित, एकटे राहणारे, अमराठी असे सगळेच यात येतात. यमक चुकलं तरी चालतं; किंबहुना चुकलेलंच जास्त लक्षात राहतं.

आज्यांना खेळात कसं घ्यावं? त्या “आम्ही बघतो, तुम्ही खेळा” म्हणतात.

त्यांना खेळाडू करू नका, जाणकार करा. दुपट्याच्या खेळात त्या आहेतच. दुसरा खेळ बाळगुटीच्या थाळीचा. सहाण, वेखंड, जायफळ, हळकुंड, हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, खारीक, बदाम असं थाळीत मांडायचं. तिशीच्या आतल्यांनी ओळखायचं, साठीच्या वरच्यांनी चूक दुरुस्त करायची आणि ते कशासाठी वापरायचे ते एका वाक्यात सांगायचं. मुरुडशेंग हातात घेऊन एका मुलाने गंभीरपणे विचारलं होतं, “हा ड्रिलचा बिट आहे का?” पिळलेली शेंग दिसते खरी तशीच. पोटात मुरडा आला की तिचे दोन वेढे उगाळायचे, असं सांगता सांगता त्या आजी इतक्या खुलल्या की पुढचा पाऊण तास त्यांच्याभोवती गर्दी होती.

थाळी फक्त ओळखण्यापुरती. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं काहीही देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे आणि आपले बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. “आमची पोरं गुटीवरच वाढली” हे वाक्य येणारच. त्यावर होणाऱ्या आईला उत्तर द्यायला लावू नका, विषय हसत पुढे न्या. वेखंडाचा उग्र वास तिला सोसत नसेल तर थाळी तिच्यापासून लांब ठेवा.

कुठले खेळ अजिबात घेऊ नयेत?

पोटाचा घेर ओळखायचा खेळ. रिबन कापा आणि कुणाची बरोबर बसते ते बघा, असा. एकदा मीच घेतला होता, माझ्या वहिनीच्या वेळी. ती हसत होती, पण सहावी रिबन दोन हात मोठी निघाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते मी पाहिलं, आणि नंतर तिने मला त्यावर चकार शब्द काढला नाही, हे जास्त लागलं.

याखेरीज: पुरुषांच्या शर्टात फुगा घालून चालायला लावणं, लंगोटात वितळलेलं चॉकलेट घालून हुंगायला लावणं, डोळे बांधून भरवणं. एका हॉलमध्ये भाड्याने आणलेल्या सूत्रसंचालकाने हे तिन्ही ओळीने घेतले, आणि वर प्रत्येक नवीन जोडप्याला “तुमचा नंबर कधी?” हे माइकवर विचारलं. सूत्रसंचालक बोलवायचाच असेल तर हा प्रश्न विचारायचा नाही, हे त्याला आधी बजावून सांगा.

पाहुण्यांत कुणी मूल नसलेलं असेल, किंवा नुकतंच कुणाचं बाळ गेलेलं असेल, तर?

आधी त्यांना वेगळा फोन करा. “ये, पण नाही आलीस तरी मी समजून घेईन” एवढंच. आली तर तिला खेळाच्या मध्यभागी ओढू नका आणि बाजूलाही बसवू नका. गुण लिहिण्याचं, चिठ्ठ्या वाचण्याचं काम तिला द्या. हातात काम असलं की उठून जाता येतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट ओटीची. अजूनही कित्येक घरांत विधवा काकूला “तू बस” म्हणतात. मी खेळ घेते त्या घरी आधीच स्पष्ट सांगते, ज्यांना भरायचीय त्या सगळ्या भरतील, आणि पहिली ओटी घरातली सगळ्यात वयस्क बाई भरेल. बहुतेक घरांत ही सगळ्यात वयस्क बाई आजीच असते आणि आजोबा गेलेले असतात. वाद होत नाही, कारण आजीला कोण अडवणार?

होणाऱ्या आईने खेळावं का?

तिने बसून न्यायनिवाडा करावा. सातवा महिना म्हणजे पाठ दुखते, पाय सुजतात. झोपाळा फोटोपुरता, एरवी पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पायाखाली पाट, हाताशी पाणी. फुलांची वाडी सुंदर दिसते पण तिला टोचते, गरम होतं आणि मोगऱ्याच्या वासाने काहींना मळमळतं. पहिल्या खेळानंतर वाडी उतरवून ठेवायची असेल तर ठेवू द्या, फोटो झालेलेच असतात.

बाळाच्या नावाचा खेळ घ्यावा का?

नको. आत्याचा मान असतो, आजीच्या मनात एक नाव असतं, आईबाबांनी गुपचूप दुसरंच ठरवलेलं असतं. बारशापर्यंत थांबा.

पाळणा, झबली, खेळणी यांचे खेळ चालतील?

घरच्यांना विचारून. बाळ येण्याआधी त्याचं सामान आणू नये असं मानणारी पुष्कळ घरं आहेत, बाळंतविडा नंतरच द्यायचा अशी रीत आहे. रिकामा पाळणा तर हलवायचाच नाही. तुमचा विश्वास असो-नसो, खेळासाठी पाळणा आणून एखाद्या आजीचा जीव खालीवर करण्यात मजा नाही. म्हणून तर मी बाहुली न वापरता तांदळाची पिशवी घेते. घरच्या तांदळाला कुणाचीच हरकत नसते.

परदेशातल्या नातेवाइकांना फोनवरून खेळात घेता येईल?

डोहाळ्यांच्या चिठ्ठ्यांत सहज. त्यांनी आधी लिहून पाठवायचं. संध्याकाळी सहाला सुरू केलंत तर लंडनला दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेले असतात आणि न्यूजर्सीत सकाळचे साडेसात-साडेआठ. कॅलिफोर्नियावाल्यांना मात्र पहाटे उठावं लागेल, त्यांना आग्रह नको. फोन एका मुलाच्या हातात द्या आणि त्याला हॉलभर फिरू द्या. टेबलावर टेकवून ठेवलेला फोन दहा मिनिटांत सगळे विसरतात.

बक्षिसं काय?

आंबट. आवळासुपारी, चिंचेच्या गोळ्या, लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली. शिवाय एक गजरा, आणि तो एखाद्या पुरुषाने जिंकला तर मनगटाला बांधायचा.

एवढं करूनही खेळ रंगला नाही तर?

थांबवा आणि पानं मांडायला सांगा. फक्त पट्ट्या काढू देऊ नका. पंगतीत “बाळाच्या बाबाचा रूममेट” आणि “भिंतीपलीकडून ऐकणारी” शेजारी आले, की मसालेभात वाढेपर्यंत त्यांचं काहीतरी सुरू झालेलं असतं. जेवण झाल्यावर पट्ट्या आणि डोहाळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून एका वहीत चिकटवा. डिंक घरून न्या, हॉलवर कधीच मिळत नाही.